डाव्या कोपऱ्यातला पेपर
भिजलेल्या बदामाच्या पानांचा वास आला की मला तो आठवडा आठवतो. नाशिकरोडच्या एका दुकानातून मी ड्वार्फ सिक्लिडची जोडी आणली होती. बोटाएवढे मासे, पोटं खपाटीला गेलेली, रंग राखेसारखा. “पाळणारे काका वारले, मॅडम. घरच्यांनी लक्षच दिलं नाही,” दुकानदार म्हणाला. “पाण्यात बदामाची सुकी पानं टाका आणि आठ दिवस काचेला बाहेरून पेपर चिकटवा. माणूस दिसला की बिथरतात.” मी रद्दीतले हाताला लागतील ते पेपर चारी बाजूंनी चिकटवले. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. वरून डोकावलं की दोघेही डाव्या कोपऱ्यात, काचेला तोंड लावून स्तब्ध दिसायचे. पण चौथ्या दिवशी ते खायला लागले आणि आठव्या दिवशी नराच्या अंगावर निळी झाक आली. खुशीत मी सगळे पेपर काढले, आणि दोघांनी खाणं सोडलं. दोन दिवस वाट पाहून मी डाव्या कोपऱ्यातला पेपर रद्दीतून शोधून काढला. माशांकडे तोंड असलेल्या बाजूला श्रद्धांजलीचं पान होतं, आणि नेमका त्या कोपऱ्यात चष्मा लावलेल्या एका हसऱ्या माणसाचा फोटो. मी पेपर घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने फोटो उजेडाकडे धरून पाहिला. “हेच ते काका,” तो म्हणाला. घरी येऊन मी पेपर होता तसा चिकटवला. संध्याकाळी दोघेही खायला वर आले. पेपर आता पिवळा पडलाय, तरी मी काढलेला नाही. त्या जोडीची पिल्लं पोहायला लागली की आधी त्याच कोपऱ्यात जातात, आणि त्यांनी तर काकांना कधी पाहिलेलंच नाही.