चौदाव्या पाळीचे पऱ्हे

आमच्या गावात रोवणीच्या पाळ्यांची यादी वीस वर्षांपासून मी करते. कोणी नेमलं नव्हतं. कोणीतरी करायलाच हवी होती, आणि मला गोंधळ सहन होत नाही. चौदा घरच्या बायका एकमेकींच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, भात रोवायला जातात, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मृग लागला की मी एक दोनशे पानी वही काढते, रेघा मारते आणि क्रम लावते. तलावाजवळची बांधी पहिली, कारण तिथे चिखल आधी होतो. मग तिच्या खालची, मग त्याखालची. यादी पाण्यासारखी उतरत जाते आणि जिथे तलावाचं पाणी पोहोचत नाही, तिथे संपते.

तिथे काकींची पाळी. चौदावी.

काकी आमच्या शेजारीण. मी लग्न होऊन नवेगाव बांधच्या बाजूच्या या गावात आले तेव्हा मला रोवणी येत नव्हती. काकींनी माझा हात धरून चिखलात बोटं कशी घालायची ते शिकवलं. आता मला सून येण्याची वेळ झाली, तरी त्या मला सुनबाईच म्हणतात. त्यांच्याकडे ठेक्याने घेतलेल्या पाच बांध्या आहेत. वर्षभराचा तांदूळ त्यातूनच येतो, दुसरीकडून नाही.

गेल्या वर्षी मृगात दोन दिवस दणकून पाऊस पडला. सगळ्यांनी एकदमच पऱ्हे टाकले, म्हणजे भाताची रोपं वाफ्यात पेरली. पऱ्हे तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की उपटून बांधीत रोवायचे असतात. उशीर झाला की ते वाफ्यातच कांडी धरतात आणि मग रोवले तरी फुटवे येत नाहीत. हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आभाळाला मात्र माहीत नसावं. मृगानंतर आर्द्रा अख्खं कोरडं गेलं.

त्याच कोरड्या दिवसांत अर्जुनी मोरगावला प्रशिक्षण होतं. एका संस्थेचं. बचत गटाची सचिव म्हणून मी पाच बायका घेऊन गेले, त्यात काकी होत्या. हॉलमध्ये एसी इतका गार होता की आम्ही पदर कानांवरून घेऊन बसलो. शिकवणारा मुलगा चांगला होता, तयारी करून आला होता. पडद्यावर पृथ्वीचं चित्र होतं, तिच्याभोवती लाल कडं. तो म्हणाला, "भाताच्या बांधीत पाणी साचून राहतं, त्यातून मीथेन निघतो. तो हरितगृह वायू आहे. त्यामुळे तापमान वाढतं. म्हणून बांधी मधूनमधून कोरडी ठेवा."

काकींनी हात वर केला.

"बाबू, ते हरितगृह म्हंजे रोपवाटिकेतली हिरवी जाळीच ना? जिच्याखाली मिरचीची रोपं ठेवतेत?"

"हो, म्हणजे तसंच काहीतरी."

"मंग त्या जाळीतून गॅस निघून राहिला तं जाळी काढा ना. आमच्या बांधीले काऊन बोल लावता?"

हॉल हसला. तो मुलगाही हसला. हसला आणि पुढच्या चित्रावर गेला.

मला त्याचा राग आला, तो अजून गेलेला नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. शब्द चुकीचा होता. ज्या बाईने आयुष्यात हिरव्या जाळीशिवाय दुसरं हरितगृह पाहिलं नाही, तिला तो शब्द ऐकवून हसायचं, हे कुठलं शिकवणं? आणि प्रशिक्षण कोणाला? ज्यांच्या घरी पंखाही दिवसातून चार वेळा बंद पडतो, त्यांना. एसीत बसवून.

परतीच्या एसटीत आम्हाला जागा मिळाली नाही. दुपारची वेळ, गाडी थांब्यावर उभी, खिडक्यांच्या काचा जाम. आत भट्टी झाली होती. मी काकींना म्हटलं, "काकी, ही गाडी म्हणजेच ते हरितगृह. ऊन काचेतून आत येते. आतली गरमी मात्र बाहेर जात नाही, काच अडवते. तसे काही वायू आहेत. पृथ्वीभोवती त्यांची काच झाली आहे, आणि ती जाड होत चालली आहे."

काकींनी काचेला हात लावून पाहिला.

"असं सांगाले त्याले काय झालं होतं?" मग ती काच सरकवून पाहत, "पण मंग खिडकी लावली कोणं?"

"कोळसा जाळणाऱ्यांनी, गाड्या फिरवणाऱ्यांनी, कारखान्यांनी. थोडी आपणही. बांधीतून वायू निघतो ते खोटं नाही."

"थोडी," काकी म्हणाल्या. "आमाले तं सीटबी नाही वं, सुनबाई. उभ्यानं जाऊन राहिलो. अना खिडकी आमी लावली म्हंते."

शेजारचा माणूस हसला. मी हसले नाही.

घरी आल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. पहिल्या पाळीसमोर मी नेहमी नक्षत्र लिहिते, तारीख लिहीत नाही. इथे सगळे तसंच मोजतात. सुरुवातीच्या वह्यांत आर्द्रा. नंतरच्या वह्यांत बऱ्याच ठिकाणी पुनर्वसू. अलीकडे दोनदा पुष्य, म्हणजे जवळजवळ महिनाभर उशीर. वीस वर्षं मी स्वतःच्या हाताने हे लिहीत होते आणि क्रम मात्र तोच ठेवत होते, तलावापासून खाली. पाऊस वेळेवर येत होता तोवर चौदावी पाळी सुखाची होती. आता चौदावी पाळी म्हणजे शिक्षा होती, आणि ती वही माझी होती. त्या शिकवणाऱ्या मुलाच्या हसण्याचा राग येत होता, त्यात हा माझा स्वतःवरचा राग मिसळला.

पुनर्वसूच्या पावसाला आमच्याकडे तरणा पाऊस म्हणतात. तोही आला नाही. तलाव अर्धा होता. त्यातलं पाणी पंपाने वरच्या घरांच्या वाफ्यांना गेलं, माझ्याही गेलं. काकी हातपंपावरून गुंडाने, म्हणजे घागरीने, पाणी नेऊन पऱ्ह्यांवर शिंपडत होत्या, सकाळी आणि उन्हं उतरल्यावर. मोबाइलवर सूचना यायची, दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका. मी ती वाचून दाखवली तर म्हणाल्या, "पऱ्ह्यांले सांग, सावलीत बसा म्हणा."

पुष्य लागल्यावर तिसऱ्या दिवशी पाऊस आला. रात्रभर पडला, सकाळी बांध्या भरल्या. पऱ्हे सहा आठवड्यांचे झाले होते. चौदाव्या पाळीपर्यंत ते आठ आठवड्यांचे होणार होते, म्हणजे बैलांना घालायचे.

मी पारावर बायकांना बोलावलं आणि सांगितलं, यादी उलटी. खालून वर. आज काकींकडे.

पहिली पाळी जिची होती ती उसळली. "मी मिरगापासून पहिला नंबर धरून बसली! चिखल करून ठेवला. तुमीच तं म्हनता, वहीत लिहिलं म्हंजे लिहिलं."

"तुझ्या पऱ्ह्यांना तलावाचं पाणी मिळालं. ते दोन आठवडे थांबतील."

"अना नाही थांबले तं?"

"तर माझ्या वाफ्यातले घेऊन जा. माझी पाळी शेवटी."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कमरेला पदर खोचला. "चला मंग. उभ्या राहून पऱ्हे काय लहान होतेत?"

अडून बसल्या त्या काकी. "माह्यासाठी वही खराब नोको करू, सुनबाई. लोकं नावं ठेवतीन."

"वही मी केली आहे, मीच फाडते," असं म्हणून मी पान फाडलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

पऱ्हे उपटायला बसलो तेव्हा कळलं. वाफ्याच्या एका बाजूचे पिवळे पडून वाळले होते. उरलेल्यांतले बरेच कांडी धरलेले. एका जागी दोन-तीन काड्या लावतो तिथे पाच-पाच लावल्या, अंतर कमी ठेवलं. पाचांपैकी तीन बांध्या झाल्या. दोन बांध्यांना पऱ्हेच उरले नाहीत; त्यांतलं पाणी रोवलेल्या तीन बांध्यांत सोडलं. बायका वर चढल्या, पाय धुतले. काकी त्या दोन रिकाम्या बांध्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तीन झाल्या ना. सहा महिन्याचं तं झालं."



दिवाळीआधी त्या संस्थेतून फॉर्म आला. प्रत्येक सभासदाने भरायचा होता. काकींचा भरायला मी त्यांच्या ओसरीवर बसले. प्रश्न होता: 'मीथेन कमी करण्यासाठी आपण किती बांध्या कोरड्या ठेवल्या? किती दिवस?' खाली लिहिलं होतं की सर्वांत जास्त दिवस कोरड्या ठेवणाऱ्या शेतकऱ्याचा सत्कार होईल.

मी वाचून दाखवलं. काकींनी बोटांवर मोजलं.

"दोन बांध्या. आर्द्रापासून तं आतापावतर. माहा पहिला नंबर येते का नाही?"

"येतो."

"पाय, एका वर्षात चौदावी होती तं पहिली झाली." त्या हसल्या, मग तोंडाला पदर लावला.

मी प्रशिक्षणातल्या त्या मुलाला फोन केला. तो नम्रपणे म्हणाला, "ताई, कारण लिहायला रकाना नाही. आकडा लिहिलात तरी चालेल."

मला चालणार नव्हतं. मी आकडा लिहिला, दोन बांध्या, आणि दिवसही मोजून लिहिले. मग प्रश्नातला 'ठेवल्या' हा शब्द पट्टी लावून खोडला आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'राहिल्या'.

काकींनी खाली अंगठा दिला.