उतारावर उघडलेलं दार

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या बाईंना सगळे तपासनीस म्हणत. काच उजेडात धरून चरा शोधायचा, ही सवय त्यांना माणसांच्या बाबतीतही जडली होती. कुणी गोड बोललं की यांच्या कपाळाला आठी.

त्यामुळे थोरल्या नणंदेनं न मागता सायकलचं हेल्मेट आणून दिलं, तेव्हा बाईंनी ते आतून-बाहेरून पाहिलं, पट्टा ओढला, वासही घेतला. वापरलेलं असणार. वन्सं उगाच काही देणाऱ्यातल्या नव्हत्या. पण घातलं नाही तर चारचौघांत बोलायला त्यांना निमित्त मिळेल, म्हणून बाई मुकाट्यानं ते घालून कामावर जाऊ लागल्या.

त्या सकाळी उतारावर सायकलनं वेग घेतला, एवढंच त्यांना आठवतं. शुद्ध आली ती इस्पितळात. खांदा जखडलेला, बरगड्या मोडलेल्या. काय झालं विचारलं की नवरा म्हणे, आधी बरी हो. वन्सं उशी सारखी करून विषय बदलत. या बहीणभावाचं काहीतरी शिजतंय, हे बाईंनी ओळखलं.

त्यात एक अनोळखी गृहस्थ दारातून डोकावायचा, नवऱ्याशी कुजबुजायचा आणि आत न येताच निघून जायचा. एकदा नवरा चहाला गेलेला पाहून बाईंनी त्याला आत बोलावलं.

"असे लपूनछपून का येता? माझ्याशी काय काम आहे तुमचं?"

तो खुर्चीच्या कडेला टेकला. "उभ्या गाडीचं दार मी उघडलं. मागे बघितलंच नाही. तुम्ही दारावर आदळलात आणि डोक्यावर पडलात. पोलिसांना मी लगेच सांगितलंय. तुम्हाला इतक्यात काही सांगू नका, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या."

संशय खरा निघाला, पण बाईंचं समाधान होईना. लबाड माणूस इतकं सरळ बोलतो कुठे? त्यांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, मग आणखी एकदा. तो तेच बोलत राहिला आणि शेवटी रडला. तेव्हा बाईंनीच धड असलेल्या हातानं पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला.

नवऱ्यानं हेल्मेट आणून दाखवलं. कानशिलाच्या वर आरपार तडा गेला होता. माल हलका होता, असा बाईंनी निकाल दिला.

"ते फुटलं म्हणून डोकं वाचलं," डॉक्टर म्हणाल्या. "ते नसतं, तर आज आपण बोलत नसतो."

बाईंनी तड्यावरून बोट फिरवलं. मग तेच बोट स्वतःच्या कानशिलावर नेलं.

वन्सं आल्यावर त्यांनी विचारलं, "खरं सांगा, हेल्मेट का दिलंत मला?"

"तू त्या उतारावरून सुसाट जातेस. तुझं काही बरंवाईट झालं असतं, तर भावाचा संसार माझ्या गळ्यात पडला असता. मला नाही झेपणार."

हे कारण बाईंना लगेच पटलं. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या, आणि बरगड्यांत अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

खांदा अजून पुरता वर जात नाही, पण बाई पुन्हा सायकलवर आहेत. नवं हेल्मेट त्यांनी दुकानदाराला घाम फोडून निवडलं. उभ्या गाडीपासून दार उघडेल एवढं अंतर सोडून, काचेआड कुणाचं डोकं दिसतंय का ते बघत त्या जातात. नवऱ्यालाही एक हेल्मेट घेतलंय. तो म्हणतो, रोज घालतो. बाई संध्याकाळी त्याचा पट्टा घामानं ओला आहे का, ते हात लावून बघतात.