कडी नसलेलं दार

कौसाकाकू गेली, हे मला आष्टीच्या एसटीडी बूथवर उभ्या उभ्या कळलं. भाऊ पलीकडून एवढंच म्हणाला, "ताई, काकू गेली. निघ लगेच." मी फोन ठेवला आणि बूथवाल्यालाच विचारलं, "असं कसं हो?" त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! आता महिना होत आला. दहावं झालं, तेरावं झालं, पावणे आपापल्या गावी गेले. माझं मन मात्र त्या घरातून काही केल्या निघेना, म्हणून हे लिहायला बसले.

काकू म्हणजे माझी चुलत चुलती. शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. भांडण त्यांच्या घरात झालं तरी जेवण आमचं बिघडायचं. मी डी.एड. करून नोकरीची वाट बघत घरी बसले होते, तेव्हा ती मला सारखी टोमणे मारायची, "मास्तरीणबाई, पुस्तक वाचून भाकर फुगत न्हाई बरं का!" आणि तेच म्हणता म्हणता स्वतःच्या ताटातली भाकर माझ्यापुढं सरकवायची. काका मुकादम होते. दसरा झाला की त्यांच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून नगरच्या पलीकडं ऊस तोडायला जायच्या. कारखाना काकांना पैसा द्यायचा, काका तो नवरा-बायकोच्या जोड्यांना उचल म्हणून आगाऊ द्यायचे, आणि उचल फिटेपर्यंत ती जोडी बांधलेली. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही काकांनीच आणला होता आणि सगळं गाव त्यांच्या दारात बसून बघायचं. काका वाईट माणूस नव्हते हो... मला तर त्याचीच जास्त भीती वाटते.

त्या वर्षी हंगामाच्या मध्यावरच एक जोडपं उसाच्या फडातून पळून गेलं. बाई तापानं फणफणली होती, सुट्टी मिळेना, मग काय करतील? काका कारखान्यावरून आले, पळालेल्या गड्याच्या म्हाताऱ्या आईकडं गेले आणि तिच्याजवळ ठेवलेली त्या जोडप्याची पोरगी उचलून आणली. संगीता. तेरा-चौदा वर्षांची असेल. आई-बाप कामावर परतले की पोरगी परत, असा निरोप सोडला, तिला मागच्या खोलीत ठेवलं, काकूला कडी लावायला सांगितलं आणि काका पुन्हा फडावर गेले. काकूनं कडी लावली. खोटं कशाला सांगू, आम्ही सगळ्यांनी ती बघितली आणि कुणीही ब्र काढला नाही. काकू पोरीला ऊन ऊन जेवू घालायची, तिच्या केसांना तेल लावायची, आणि शेतात जाताना बाहेरून कडी घालायची. तिला वाटायचं, आपण पोरीचं सगळं नीट करतोय.

एक दिवस घाईत ती कडी लावायची विसरली. अंगण ओलांडते न ओलांडते तोच आतून हाक आली, "काकू, कडी ऱ्हायली बघा... काका रागं भरतील तुमाला." 

काकू तशीच माघारी आली ती थेट आमच्याकडं. मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं. "अगं, तिला माझी काळजी! कोंडलीय तिला मी, आन् काळजी करती माझी!" मग तिनं खुरपं घेतलं आणि भर दुपारी दाराची कडी खिळ्यांसकट उपटून काढली. संध्याकाळच्या आत संगीताला तिच्या आजीच्या पदरात नेऊन घातलं.

"काका परत आणतील की तिला," मी म्हणाले. "त्येचंच भ्याव हाय," काकू म्हणाली. "उद्या चल माझ्याबरुबर. मला बसच्या पाट्या वाचता येत न्हाईत."

कारखान्याच्या शेतकी ऑफिसात साहेब भले होते. चहा मागवला. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आमचा करार मुकादमाशी. तो माणसं कशी आणतो, कशी ठेवतो, त्याच्याशी कारखान्याचा काय संबंध? आता जग खुलं झालंय, आपली साखर परदेशात जायची आहे, आम्ही कुठंकुठं बघणार?"

काकूनं पिशवीतून कडी काढून टेबलावर ठेवली. "साहेब, मुकादम माजा नवरा हाय. त्येला पैसा तुमी देता. त्यो पैसा माज्या घरात येऊन कडी झाला. साखर तुमची, तर ही बी तुमचीच. ठिवा."

साहेबांनी काकांना बोलावणं धाडलं आणि आमच्यासमोर बजावलं, "त्या पोरीला पुन्हा हात लावायचा नाही." संगीता सुटली. पण पुढच्या हंगामाला काकांचा करारही सुटला. त्यांच्या जागी दुसरा मुकादम आला, त्याचीही रीत तीच. ऑफिसबाहेर म्हणे पाटी लागली, मजुरांना डांबून ठेवू नये... वाचता न येणाऱ्यांनी वाचावी म्हणून असेल! काकूला हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हंजी माजीच तेवढी कडी निघाली व्हय गं?"

काका घरी बसले आणि काकूशी बोलायचे थांबले. चहा हवा असेल तर भिंतीकडं तोंड करून म्हणायचे, "चहा टाकावा कुणीतरी." ती टाकायची. मी एकदा चिडून म्हणाले, "कावून सोसतीस गं हे?" तर हसली, "सोसंना तर काय! पोटची पोर न्हाई मला. एक सोडवली, तिच्या नावानं सोसते." नवी कडी मात्र तिनं कुणालाच बसवू दिली नाही. कुत्री आत शिरायची, मांजर दूध प्यायचं, तरी नाही.

तेराव्याला संगीता आली, कडेवर लेकरू घेऊन. थेट मागच्या खोलीचं दार ढकलून आत गेली, थोडा वेळ बसली आणि डोळे पुसत आपली आपण बाहेर आली. काका ओट्यावर मान खाली घालून बसले होते. ती त्यांच्या पाया पडायला वाकली, तर ते पाय आखडून घेत म्हणाले, "नगं पोरी... माज्या नगं."

दुसऱ्या दिवशी सगळे निघायच्या गडबडीत होते. घर राखायला आता बाईमाणूस नाही, म्हणून माझा भाऊ बाजारातून नवी कडी घेऊन आला, हातोडी घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. काकांनी त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "काकूला इचारल्याबिगर न्हाई लावायची."