शेतातल्या बट्टीसोबतची वाइन

लेकीने स्वतः पसंत केलेल्या मुलाचे आईवडील आम्हाला भेटायला येणार होते. नाशिककडचे द्राक्षबागायतदार. ऐन मे महिना, घरात नुसती भट्टी. म्हणून दोंडाईच्याजवळच्या आमच्या शेतात संध्याकाळी वरण-बट्टी करायची असं ठरलं. मग लेकीचा फोन आला. "आई, ते दोघं जेवताना थोडी वाइन घेतात. तू आणून ठेवशील का? साधी, उन्हाळ्यात चालेल अशी."

मी हो म्हटलं आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर राहिलं नाही. जळगावात इतकी वर्षं काढली, नोकरी केली, पण दारूच्या दुकानाची पायरी कधी चढले नव्हते. नवरा सुपारीसुद्धा खात नाही. तो म्हणाला, "कैरीचं पन्हं देऊ की. आणि आबांसमोर बाटली काढणार आहेस का?"

आबा म्हणजे माझे सासरे. शेतावरच राहतात.

दुकानात गेले तेव्हा तोंडाला उन्हाचा रुमाल बांधला होता. तो उन्हासाठी होता की कुणी ओळखू नये म्हणून, हे माझं मलाच सांगता येईना. लाल की पांढरी, दुकानदाराने विचारलं. मी दोन्हींची एकेक बाटली घेतली आणि मेहरूण भागातल्या आमच्या घरी येऊन फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, मेथीखाली ठेवली.

नुसतं नाव वाचून काय कळणार? शेतात जे जेवण होणार, त्याच्यासोबतच चव घेऊन बघायची असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी बट्टीसोबत असते ती घोटलेली वांग्याची भाजी केली, आपल्याकडच्या तिखटाची. खिडक्या लावल्या. स्टीलच्या पेल्यांत दोन-दोन घोट ओतले. नवरा समोर बसला, परीक्षेला बसल्यासारखा. आधी लाल. भाजीच्या घासावर ती घेतली तर तोंड जास्तच पोळलं, जीभ कोरडी पडली. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. मी दोन्ही बाटल्या तांदळाच्या डब्यामागे सारल्या. इस्त्रीवाला होता. तो गेल्यावरच बाटल्या परत बाहेर काढल्या.

मग पांढरी. थंड, किंचित गोडसर, जराशी आंबट. तिखट खाली बसलं. नवऱ्याने भाजी पुन्हा वाढून घेतली आणि पेला पुढे केला. "हीच ने," तो म्हणाला.

पांढरीच्या आणखी बाटल्या आणल्या. शेतावर दिराने दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये बर्फ भरून दिला, त्यात त्या उभ्या केल्या आणि वर ओलं गोणपाट टाकलं. निंबाखाली गोवऱ्यांच्या आरात कणकेच्या बट्ट्या भाजत होत्या. ऊन कललं तरी जमीन तापलेलीच. आबा बाजेवर बसले होते. पाहुणे आले, पाणी झालं, पन्हं झालं, पीकपाण्याच्या गप्पा सुरू झाल्या. मी सारखी उठत होते. बर्फ वितळला का बघायचे, परत येऊन बसायचे, पुन्हा उठायचे. वाइन कधी काढावी, कुणी काढावी, काहीच ठरत नव्हतं.

पानं मांडली आणि विहीणबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुम्ही उगाच त्रास घेतला असेल. नाही काढली तरी चालेल."

तेव्हा मला वाटलं, आता नाही काढली तर आयुष्यभर लपवतच राहू. मी गोणपाट बाजूला केलं.

आबांचं लक्ष होतंच. "हाई काय शे?" त्यांनी विचारलं.

"वाइन आहे आबा. द्राक्षांची."

"म्हणजे दारूच ना?"

"हो."

आबांनी काठी घेतली, उठले. "तुम्ही जेवा. मी तठे बठस," म्हणाले आणि विहिरीकडच्या ओट्यावर जाऊन बसले. नवरा मागोमाग गेला, त्यालाही त्यांनी परत पाठवलं. माझ्या हातातल्या बाटलीवरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. पुन्हा कॅनमध्ये ठेवावी की ओतावी? मुलाच्या वडिलांनी शांतपणे पेला पुढे केला. मी ओतली.

विहीणबाईंनी घेतली नाही. त्यांनी दोन ताटं वाढली, बट्टीवर तूप सोडलं आणि ओट्यावर आबांपाशी जाऊन बसल्या. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने आबांचा हात मिरचीच्या वावराकडे वळलेला दिसला. ते तिकडचं काहीतरी दाखवत होते. इकडे आम्ही जेवलो. वाइन बट्टीच्या तुपाला आणि भाजीच्या तिखटाला चांगली लागली, सगळे तसं म्हणालेही. मी मात्र सारखी ओट्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावला निघताना मी आबांच्या पाया पडले. रागावले असतील तर आत्ता बोलतील, असं वाटलं.

"बट्टी चांगली व्हती," ते म्हणाले.

लग्न थंडीत झालं. आबा आले, विहीणबाईंच्या शेजारीच बसून जेवले. त्या संध्याकाळचा विषय त्यांनी परत काढला नाही, आणि मलाही तो काढायचा धीर झालेला नाही.