चीज भरलेली अंजिरं आणि आप्पांचं शेड

हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेऊन आणि पुण्यातल्या एका हॉटेलात दोन वर्षं उभ्यानं काढून माझ्या मुलीनं जाहीर केलं, की ती यवतला हायवेवर स्वतःचं छोटं दुकान टाकणार, खाण्याचं. जागा होती. रस्त्याला लागून आमच्या जमिनीचा एक तुकडा आहे आणि त्यावर पत्र्याचं शेड. शेड निम्मं माझं, निम्मं माझ्या थोरल्या भावाचं, म्हणजे आप्पांचं. किल्ली मात्र पूर्णपणे आप्पांची. आत पाण्याचे जुने पाईप पडलेत. ते पुन्हा कामाला येतील असं आप्पा सोडून कुणालाही वाटत नाही, आणि आप्पांना ते बरीच वर्षं वाटतंय.

फोनवर आप्पा तिला म्हणाले, "किल्लीचं काय घिऊन बसलीस? पर आदी काय इकणार ते खाऊ तर घाल." आप्पांच्या नकाराची सुरुवात साधारण अशी होकारासारखीच असते.

मुलीनं पदार्थ ठरवला तो चीज भरून निखाऱ्यावर भाजलेली अंजिरं. मी म्हणालो, सरळ मिसळ खाऊ घाल. ती म्हणाली, "बाबा, यवतमध्ये मिसळ किती ठिकाणी मिळते?" मी मनात मोजायला लागलो, आणि दोन्ही हातांची बोटं संपली.

आमच्या शिरूरच्या घरात आठवडाभर तालीम झाली. अंजिराच्या डोक्यावर फुलीसारखा काप द्यायचा, किसलेलं चीज आणि मिरपूड भरायची, पाकळ्या मिटायच्या आणि विड्याला टोचतात तशी वर लवंग टोचायची. चीज पंधरा ग्रॅमच्या वर गेलं तर बाहेर येऊन निखाऱ्यात पडतं. बारा ग्रॅमला गपगुमान आत बसतं. हा शोध माझा, पण त्याचं श्रेय वजनकाट्याला गेलं. माझी बायको चाखून चाखून कंटाळली आणि भाकरी मागू लागली.

मी कारखान्यात मालाची तपासणी करतो, म्हणून आप्पांनी पाठवलेली अंजिरं तपासायचं काम माझ्याकडं आलं. एकेक अंजीर कापातून उघडून आत बघितलं, खालच्या डोळ्याशी, म्हणजे बुडाच्या भोकाशी, दाबून बघितलं. चोवीस पास केली. कारखान्यात माझ्या सहीवर ट्रक गेटबाहेर जातो. घरी त्या सहीची किंमत किती, ते मला आप्पांच्या गावी, राहूला, कळायचं होतं.

रविवारी आम्ही न्हावरामार्गे राहूला पोचलो. अंगणात आप्पा, वहिनी आणि शेजारचे आबा. आबा म्हणजे गावातल्या प्रत्येक नव्या गोष्टीचे परीक्षक. त्यांना कुणी नेमलेलं नाही, त्यामुळं काढताही येत नाही. मुलीनं शेगडी पेटवली, पापडाची जाळी ठेवली, बारा अंजिरं भाजली आणि कडेला पुदिना लावून ताटली पुढं केली.

आबांनी एक उचललं, लवंग उपटून टाकली, दोन्ही अंगठे घातले आणि अंजीर फाडलं.

आमच्याकडं अख्खं अंजीर कुणी तोंडात टाकत नाही. आधी फोडायचं, उजेडाकडं धरायचं, आत काही वळवळत नाही ना ते बघायचं. हे मला माहीत होतं, मुलीला माहीत होतं. तरीही आठवडाभर आम्ही दोघं एकच काम शिकत होतो, अंजीर घट्ट मिटवायचं कसं.

आबांच्या हातात गरम चीज पांढरं होऊन लोंबत होतं.

"आरं, किडकंय की!"

"आबा, चीज आहे ते," मुलगी म्हणाली.

"आन् मग हालतंय का?"

"गरम आहे म्हणून, आबा."

"गार झाल्यावर किडं बी हालत न्हाईत, पोरी."

मग सगळ्यांनीच फोडली. वहिनींनी चीज बोटानं निरपून पेपरावर ठेवलं आणि अंजीर खाल्लं. आप्पांनीही तेच केलं. "अंजीर ग्वाड हाय," ते म्हणाले. अंजीर त्यांच्याच झाडाचं होतं, म्हणजे कौतुक घरातच राहिलं. चीज कुत्र्याला गेलं. मुलीला तिचं पहिलं समाधानी गिऱ्हाईक मिळालं.

"आप्पा, मी स्वतः एकेक तपासलंय," मी म्हणालो.

"तू तपासलंस व्हय? मग झाकलं कशापायी?"

 वरच्या थरात मोठी आणि खाली बारकी अंजिरं रचून पेटी बाजाराला पाठवणारा आप्पांसारखा माणूस झाकलेल्या मालावर विश्वास ठेवत नाही, यात त्याचा अनुभव बोलतो.

वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या, यवतला वडापाव लावा." आप्पांनी होकाराची मान हलवली. किल्ली त्यांच्या करदोट्यालाच होती आणि तिथून हलायचं तिचं काही चिन्ह नव्हतं. मुलीचा चेहरा उतरला. डबा आवरायला ती वाकली, तसं मलाही वाटलं की आता निघावं. पण तिनं डब्यातून सुरी काढली. उरलेल्या बारांतलं पहिलं अंजीर आबांच्या समोर उभं चिरलं, आतलं चीज काढून टाकलं आणि दोन्ही फाका त्यांच्या नाकाखाली धरल्या.

"बघा आबा. पास का नापास?"

आबा सावरून बसले. चष्मा पुसला. "पास." मग दुसरं. मुलगी पास झालेल्या फाका उघड्याच जाळीवर ठेवी, वर ताजं चीज किसून घाली. चौथं नापास झालं.

"का? काय वाईट आहे त्यात?" मी विचारलं.

"मला बरं दिसत न्हाई," आबा म्हणाले आणि ते खाऊन टाकलं. अशी आणखी दोन नापास झाली. नापास माल तपासणाऱ्यानंच खायचा ही पद्धत आमच्या कारखान्यात अजून आलेली नाही.

या वेळी फाका चीजसकट तोंडात गेल्या. कुत्रं शेपूट हलवत थांबलं आणि शेवटी गोठ्याकडं निघून गेलं. आप्पांनी पाच फाका खाल्ल्या. चांगलं झालंय असं ते म्हणाले नाहीत, तसं ते कशालाच म्हणत नाहीत. हात धोतराला पुसून मुलीला म्हणाले, "हाटेलात बी असंच करायचं. गिऱ्हाइकासमोर फोडायचं. झाकून काय बी द्यायचं न्हाई."

"मग शेड?"

आप्पांनी करदोटा चाचपला. "शेडचं काय न्हाई गं. पर पाईप कुठं ठिवू?"

राहूला एवढं रान आहे, गोठा आहे, विहिरीशेजारी मोकळी खोली आहे. तरी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मुलीनंही.

पाईप वीस फुटी आहेत. शिरूरची माझी गच्ची अठरा फूट. उरलेले दोन फूट शेजाऱ्यांच्या बाजूला बाहेर आलेत, आणि त्यावर त्यांनी, ट्रकबाहेर आलेल्या मालाला बांधतात तसं, लाल फडकं बांधलंय.