मॅनेज आणि घरचा खोंड

'मॅनेज' या शब्दावर माझा कित्येक वर्षं राग होता. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवतो, आणि या क्रियापदाचे जेवढे हाल आमच्याकडे होतात तेवढे कुठे होत नसतील. गृहपाठ राहिला, 'सर, मॅनेज करा ना.' टेंपोत अकरावा माणूस चढला, मॅनेज करा. एखादे शिक्षक रजेवर गेले की मुख्याध्यापकही माझ्याकडे बघून हेच म्हणतात.

एकदा वर्गाला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून मी ग्रंथालयातला जाडा शब्दकोश उघडला, आणि तोंडघशी पडलो. हा शब्द ऑफिसात नाही, तबेल्यात वाढलेला. इटालियनमध्ये त्याचा अर्थ घोडा हाताळणं, त्याला हाताखाली तयार करणं. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला हात. पुढे त्यात घरसंसार चालवण्याचा एक फ्रेंच शब्द मिसळला. आणि शेवटी आहे त्यात भागवणं, हाही अर्थ छापलेला होताच, म्हणजे पोरं बरोबर आणि मास्तर चूक. वर्गात मी हे प्रामाणिकपणे सांगितलं. पोरं खूश झाली. माथेरानला काका घोडेवाले असलेली एक मुलगी म्हणाली, नुसत्या हातानं काय होत नाय सर, गूळ पण लागतो.

त्याच महिन्यात कर्जतजवळच्या आमच्या घरी वेगळाच तमाशा चालला होता. बाबांना वर्षापूर्वी पक्षाघाताचा हलका झटका आला, तेव्हापासून उजव्या हातात जोर नाही. सदऱ्याची बटणं आई लावते. तरी गोठ्यातला घरचा खोंड नांगराला आपणच तयार करणार, हा त्यांचा हट्ट. ओढ्याकडच्या आमच्या अरुंद खाचरांत पॉवर टिलर उतरत नाही, हे त्यांचं कारण. मी खोंड विकायला व्यापारी ठरवून ठेवला होता, तो रविवारी येणार होता. तोवर खोंडानं जू घेतलं तर तो राहील, नाही तर जाईल, असं आमचं ठरलं. त्यांना जमणार नाही याची मला खात्री होती, म्हणून मी उदारपणे हो म्हटलं.

आमच्या घरची रीत अशी, की जुवाच्या आधी हात. जू जिथं बसणार तिथं मानेवर रोज सकाळी तळवा ठेवायचा आणि दिवसागणिक थोडा जास्त भार द्यायचा. काठी नाही, दोर ओढणं नाही. खोंड हात झटकायचा थांबला, की मगच जू. शब्दकोशातलं पान माझ्याच गोठ्यात चाललं होतं आणि मी दारात उभा राहून घड्याळ बघत होतो. बाबा डावा हात वापरायचे. आई कोंड्याची बादली घेऊन सूचना द्यायची. चौथ्या दिवशी खोंडानं त्यांना ढुशी देऊन शेणात बसवलं. मी ओरडलो. ते तिथंच बसून हसत राहिले आणि पंचा मागितला.

शुक्रवारी खोंड त्यांच्या हाताखाली निमूट उभा राहिला. शनिवारी संध्याकाळी जू ठेवायचं, तर त्यांनी मला हाक मारली. मी लहानपणापासून गुरांना घाबरतो. हे शाळेत कुणाला माहीत नाही, घरी सगळ्यांना माहीत आहे. बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं, माझा तळवा खोंडाच्या मानेवर ठेवला आणि वर आपला हात दाबला. त्यानं दोनदा मान झटकली. तिसऱ्यांदा नुसती कातडी थरथरली.

मी म्हटलं, "बाबा, व्यापारी उद्या येतोय. खोंडानं तुमचा हात घेतलाय, मग जू ठेवा की."

"माजा हात अजून किती दिस रं?" बाबा म्हणाले. "त्याला तुजा वळकू दे. जू तू ठेव."

मला एकदम रडू आलं. त्यांना दिसू नये म्हणून मी खोंडाकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं बाबांनी आपला हात हळूच काढून घेतला. खोंड हलला नाही. मीही हललो नाही, आणि दुसऱ्या हातानं खिशातला फोन काढून व्यापाऱ्याला येऊ नका म्हणून सांगितलं.