शुक्रवारच्या ताई

आमच्या सासूबाई दर शुक्रवारी दुपारी दोन तास माझ्या ताई असतात. उरलेला आठवडा त्या सासूबाईच असतात आणि त्या कामात कधी हयगय करत नाहीत.

लकडगंजात लाकडाच्या टालांमागे देवीचं एक देऊळ आहे. त्याच्या माडीवर बायकांचं केंद्र चालतं. खाली आरती, वर आम्ही. वर आधी दिवा लागतो, देवीची स्तोत्रं होतात आणि मग ज्या बायकांनी जन्मात चारचौघांत तोंड उघडलेलं नाही त्यांना बोलायला शिकवतात. समोरच्या आरागिरणीची करवत सुरू झाली की तिच्यावर आवाज चढवून बोलत राहायचं, हा पहिला धडा. त्यात नापास झालेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

केंद्राच्या दोन ताई आहेत. मोठ्या ताई निवृत्त मुख्याध्यापिका. केंद्र त्यांनीच उभं केलं आणि अजूनही त्या आल्या की आम्ही आपोआप ओळीत बसतो. धाकट्या ताई म्हणजे आमच्या सासूबाई. कुहीकडच्या धानाच्या गावात वाढलेल्या, सातवी झालेल्या, केंद्रात आल्या त्या भजनात टाळ वाजवायला. एकदा एक बाई माडीवर रडू लागली आणि सगळ्याजणी सल्ले घेऊन तिच्यावर तुटून पडल्या. सासूबाईंनी सगळ्यांना मागे सारलं, तिच्यासमोर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "मग?" ती बोलत गेली आणि या अधूनमधून तेवढंच म्हणत राहिल्या. ती हलकी होऊन घरी गेली. मोठ्या ताईंनी त्याच आठवड्यात ऐकण्याचा सगळा कारभार सासूबाईंच्या हाती दिला. तेव्हापासून आमच्याकडे जोड्या लावून बसायची पद्धत पडली. एकीनं बोलायचं, दुसरीनं फक्त "मग?" म्हणायचं. अगदी शेवटी, विचारलं तरच, एक सल्ला.

मोठ्या ताईंचा नियम मात्र सगळ्यांत वरचा. देवी सगळ्यांची आई, तिच्यापुढे आपण सगळ्या लेकी, म्हणून सगळ्या बहिणी. नातं चपलेबरोबर खालच्या पायरीवर काढायचं आणि जाताना पायात घालून जायचं. माडीवर जे बोललं ते माडीवरच राहणार, देवीची शपथ. त्यामुळे वर सासू नाही, सून नाही, जाऊ नाही, नणंद नाही, जी ती ताई. चपला कधीमधी बदलून जातात, नाती आजवर कुणी बदलून नेलेली नाहीत.

इतर बायकांना माझा हेवा वाटायचा. तुमच्या घरी तर रोजच शुक्रवार असेल, असं म्हणायच्या. मी गोड हसायची. वर त्या माउलीनं सुनांना सांगितलेलं असायचं, की रडल्याशिवाय मायसुद्धा दूध देत नाही, मागायला शिका. घरी मी साधा स्वयंपाकघरात पंखा मागितला तर, आमच्या वेळी फुंकणी होती, एवढंच उत्तर मिळालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी रोज झाडून काढत होते.

आणि अशात मला नोकरी लागली. मिहानच्या उद्योगनगरीतल्या एका कंपनीत, ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. तक्रारी ऐकायचा माझा अनुभव त्यांना पसंत पडला असावा. बी.कॉम. होऊन इतकी वर्षं मी घरात वरणाचा हिशेब ठेवत होते, त्यामुळे तो फोन आला तेव्हा मी गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या पापडांभोवती गोल फिरले. मग खाली आले आणि पाय जमिनीला लागले. कंपनीची बस चौकात सकाळी सव्वासहाला यायची. लेकीची शाळा, सगळ्यांचे डबे, सासऱ्यांचा पहिला चहा, सगळं त्यानंतरचं. उत्तर पुढच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत द्यायचं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आईला विचार. हे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत सोयीचं वाक्य आहे. आणि आईला विचारायची माझी छाती होत नव्हती.

शुक्रवारी देवीच्या परडीतून जोड्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. एक बाई कमी पडली म्हणून धाकट्या ताईंनाही चिठ्ठी टाकावी लागली आणि माझ्या चिठ्ठीत नेमक्या त्याच आल्या. माडीवर पदर तोंडात कोंबायची साथ आली. मी मोठ्या ताईंकडे बघितलं. देवीनं काढलं, त्यात मी कोण, म्हणून त्यांनी हात वर केले.

आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. सासूबाईंनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "बोला, ताई." मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत. मला आणखी फुटलं. तेवढ्यात समोरची करवत सुरू झाली, मी शिकवल्याप्रमाणे आवाज चढवला, आणि करवत अचानक थांबली तेव्हा माझं वाक्य अख्ख्या माडीवर एकटंच घुमत होतं, "मले सासूची लय भीती वाटते."

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. नोकरी, बस, शनिवार, पापड. शेवटी सल्ला विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आजच सांगून टाका तुमच्या सासूले. खाऊन टाकते का ते तुमाले?"

मी तरंगतच खाली उतरले. ई-रिक्षात आम्ही शेजारी बसलो होतो आणि सासूबाई वाटभर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, भावाबद्दल बोलत होत्या. घरी चहाचा कप हातात देताना मी धीर करून सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं सगळं ऐकलं, बशीत चहा ओतला आणि म्हणाल्या, "काहून वं? इथं काय कमी हाय तुले? नाई जमणार."

अवघ्या तासाभरापूर्वीची ती बाई कुठे गेली? मी म्हणाले, पण तुम्हीच तर. त्या म्हणाल्या, मी काय? भिंतीवरच्या फोटोतून देवी माझ्याकडे बघत होती. मी शपथेसकट आवंढा गिळला. लेकी बोले सुने लागे हे ऐकलं होतं. ताईला बोललेलं सासूला लागतच नाही, हे नवीन होतं.

पुढचा शुक्रवार उजाडेपर्यंत माझा राग चांगला मुरला होता. या वेळी मी परडीची वाट पाहिली नाही, सरळ धाकट्या ताईंसमोर जाऊन बसले. म्हणाले, ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं, तर सासूबाई नाही म्हणून राहिल्या.

"मग?"

मग काय, मी रागानं आठवडाभर भाजीत मीठ कमी घातलं.

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आठवडाभर अळणी वांगं गिळलेल्या त्या बाईला आता कारण कळलं होतं आणि ते कळल्याचं दाखवता येत नव्हतं. ओठ हलले, भुवया वर गेल्या, परत आल्या. शेवटी त्यांनी कसंबसं "मग" एवढंच काढलं. मला इतका आनंद झाला की राग जवळजवळ विसरलेच. म्हणून असेल, पण मी जे कधी विचारणार नव्हते ते विचारलं. म्हटलं, ताई, काहून नाही म्हणाल्या असतील त्या?

करवत सुरू होती. त्या माझ्याकडे वाकल्या. "भेव वाटलं असंल तिले," त्या म्हणाल्या. "जलमभर चूलच पाह्यली तिनं. आता कुठं हा शुक्रवार भेटला. तुमी पहाटे निंगून गेल्या, का चूल पुन्हा तिच्याच गळ्यात. मंग तिले इथं कोण येऊ देते?"

मला हे सुचलंच नव्हतं. माझी बस आणि त्यांची माडी एकाच चुलीला बांधलेली होती आणि मी आठवडाभर फक्त माझीच दोरी ओढत होते. नियमाप्रमाणे मला एकच शब्द बोलता येत होता. मी म्हणाले, "मग?"

"मंग काय," त्या म्हणाल्या. "तिले कोणी विचारलंच नाई."

मग त्यांनी डोळे पुसले आणि अगदी ताईसारखं विचारलं, की तुमच्या घरी पुरुष किती आहेत. मी म्हटलं, दोन. हातपाय? सगळे शाबूत. यावर त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. मग मलाही आवरेना. मोठ्या ताईंनी वर्गातल्यासारखी टाळी वाजवली, तरी आम्ही एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवून खदखदत होतो.

त्या संध्याकाळी चहाला सगळे असताना मी म्हणाले, "आई, मी नोकरीले गेली तरी तुमचा शुक्रवार कुठं जात नाही. सकाळची चूल ह्यांच्याकडं, दुपारची बाबांकडं." नवऱ्यानं सवयीनं आईकडे बघितलं. आईंनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावली, विचार करून पाहते म्हणाल्या आणि सासऱ्यांकडे वळून विचारलं, की तुम्हाला कणीक मळता येते का. सासरे धान्याच्या ठोक बाजारात आयुष्य काढलेले. गव्हाचा दाणा चावून तो कुठल्या तालुक्यातला ते सांगतील. त्याची पुढे कणीक होते ही बातमी मात्र त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. सासूबाईंनी त्यांना शिकवलं. माडीवर ज्या धीरानं शिकवतात, त्यातला एक कणही घरी वाया घालवला नाही.

शनिवारी मी कंपनीला होकार कळवला. नोकरीच्या पहिल्या दिवशीचा माझा डबा नवऱ्यानं भरला. पोळी कडेला जळलेली आणि मधे कच्ची होती. मी ती कँटीनमध्ये पाच जणींना कौतुकानं दाखवली. दिवसभरात अनोळखी माणसं फोनवर माझ्यावर ओरडली आणि मी प्रत्येकाला म्हणाले, "मग?" एकजण तर बोलता बोलता निवळला आणि शेवटी त्यानंच माझी माफी मागितली.

संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले. सासूबाई दारातल्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आत स्वयंपाकघरात काहीतरी करपत होतं. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मला पाहून त्यांनी सूप बाजूला सारलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. वार सोमवार होता.

"मग, ताई?" त्या म्हणाल्या.

मी चपला काढल्या, त्यांच्यासमोर बसले आणि बोलत सुटले.